बागेंतला बाक

घरापुढें चार हात अंगण असलें, अगर अंगणाच्या अभावीं गच्चीचा एखादा कोपरा मोकळा असला, कीं तेथें दोन फुलझाडें लावावींत आणि त्यांच्या सान्निध्यांत घटकाभर बसावें, अशी इच्छा बहुतेक गृहस्थांच्या मनांत केव्हां ना केव्हां उत्पन्न होतेच. या दोन्ही इच्छा एकाच वस्तूनें पुऱ्या करण्याचा एक सोयीचा प्रकार आहे. मधें बसावयास लांकडी बाक, आणि त्याच्या दोन्ही टोंकांस जोडलेल्या, झाडें लावण्याच्या लांकडी पेट्या. एका पेटींत मोगरा, दुसरींत गवती चहा, आणि मधें दोन माणसें निवांत बोलत बसलेलीं. चित्र मोठें मनोहर आहे. असा बाक घरच्या घरीं कसा करावा, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय. परंतु तो कसा करावा हें सांगण्यापूर्वीं तो कसा करूं नये हें सांगणें मला प्राप्त आहे; कारण माझा पहिला बाक मीं चुकीचा केला, आणि त्या चुकीची किंमत मला नव्हे, तर माझ्या थोरल्या बहिणीला द्यावी लागली.

शाळेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर हातांना कांहीं उद्योग असावा म्हणून मीं करवत, रंधा, पटाशी, गुण्या अशीं चार हत्यारें जमविलीं. तीसएक वर्षें फळ्यावर भूमिति काढलेल्या माणसाला लांकडाची एक चौकट काय जड जाणार, असा माझा समज होता. आराखडा मीं स्वतःच काढला. दोन चौरस पेट्या, आणि त्यांच्या भिंतींना खिळ्यांनीं ठोकलेल्या बैठकीच्या फळ्या. म्हणजे पेट्या हेच बाकाचे पाय. त्यांत लांकडाची बचत होती, श्रमाची बचत होती, आणि वस्तु दिसावयासही सुबक होती. पेट्यांत ओली माती राहणार, तेव्हां लांकडाला पाणी लागतां कामा नये, एवढें मला कळत होतें. म्हणून पेट्यांना आंतून डांबराचे दोन हात दिले, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद चहूंकडून खिळ्यांनीं पक्का केला, आणि बाहेरून चकचकीत वार्निश लाविलें. एवढा बंदोबस्त केल्यावर पाणी शिरेल कोठून, अशा समाधानांत मी होतों.

दोन पावसाळे बाक दिमाखानें उभा होता. बाहेरून पाहणाराला त्यांत कसलेंही वैगुण्य दिसलें नसतें. दुसऱ्या वर्षीं भाऊबीजेला माझी थोरली बहीण आमच्याकडे आली. आम्ही सर्व तिला अक्का म्हणतों. ओवाळणी झाल्यावर ती सहज अंगणांत येऊन मोगऱ्याच्या बाजूला बसली, आणि बैठकीचें तें टोंक पेटीच्या भिंतीसकट खालीं आलें. सावरण्यासाठीं तिनें हात टेकला, आणि तिचें मनगट मोडलें. सहा आठवडे तिचा हात प्लॅस्टरमध्यें होता. त्या सहा आठवड्यांत तिनें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. आणि तेंच मला सर्वांत अधिक लागलें.

आमच्या आळींत एक वृद्ध सुतार आहेत. मोडलेला बाक मीं त्यांना दाखविला. त्यांनीं पेटीची भिंत बाहेरून बोटानें वाजविली, आणि मग टोचा घेऊन आंतल्या बाजूनें टेकविला. पिकल्या पपईंत जावा तसा तो मुठीपर्यंत आंत गेला. ते म्हणाले, “मास्तर, तुम्ही लाकडाला पाण्यापासून वाचवलं नाहींत. पाण्यासकट कोंडून ठेवलंत.”

श्रोतेहो, या एका वाक्यांत या विषयाचें सारें मर्म आलेलें आहे. तें नीट समजण्यासाठीं लांकूड कुजतें म्हणजे काय होतें, हें थोडें पाहिलें पाहिजे. लांकूड केवळ पाण्यानें कुजत नाहीं. त्यांत वाढणारी एक प्रकारची बुरशी त्याला खाते. या बुरशीला अन्न म्हणून लांकूड लागतें, तसेंच पाणी, हवा आणि ऊबही लागते. चारांपैकीं एक वस्तु काढून घेतली, कीं तिचें कांहीं चालत नाहीं. लांकडांतील पाण्याचें प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा २० च्या खालीं राहिलें, तर बुरशी वाढूं शकत नाहीं. म्हणून वाड्यांतील तुळया पिढ्यान् पिढ्या टिकतात. उलट लांकूड पाण्यांत सर्वस्वीं बुडालेलें असलें, तर बुरशीला हवा मिळत नाहीं. म्हणून विहिरीच्या तळाशीं बसविलेलें जांभळीचें लांकूड वर्षानुवर्षें तग धरतें. वाईट अवस्था मधली. कुंपणाचा जुना खांब उपटून पाहावा. वरचा उघडा भाग बरा असतो, खोल गाडलेला भागही पुष्कळदां बरा असतो. कुजलेला असतो तो जमिनीच्या पातळीवरचा वीतभर भाग. तेथें ओलही असते आणि हवाही असते.

माझ्या पेटींत मीं नेमकी हीच मधली अवस्था निर्माण केली होती. प्लॅस्टिकला मारलेल्या प्रत्येक खिळ्याचें भोंक ही पाण्याला एक वाट होती. फळ्यांच्या वरच्या उघड्या कडा ही दुसरी. थेंब थेंब पाणी आंत जात राहिलें. मात्र एकदां आंत गेलेल्या पाण्याला बाहेर पडावयास जागा नव्हती, कारण एका अंगास डांबर आणि दुसऱ्या अंगास वार्निश. पाणी येण्याच्या वाटा बारीक होत्या, पण जाण्याची वाट मुळींच नव्हती.

कोणी विचारील, कीं सागवानाचीं जहाजें समुद्रांत टिकतात, तर बागेंतला बाक कां टिकूं नये? प्रश्न योग्य आहे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं सागवानांत बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ नांवाचें लढाऊ जहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें, आणि तें इंग्लंडमध्यें हार्टलपूल येथें आजही पाहावयास मिळतें. वेळोवेळीं त्याची डागडुजी झाली, हें खरें. तरी लांकडाच्या वस्तूला दोनशें वर्षें हें आयुष्य लहान नव्हे. परंतु सागवान म्हणजे सगळेंच सारखें नसतें. टिकाऊ असतो तो झाडाचा गाभा. या गाभ्यांत तेलकट द्रव्यें असतात, त्यांमुळें बुरशी आणि वाळवी या दोहोंनाही तो सहसा दाद देत नाहीं. सालीलगतचें जें पिवळट, फिकें लांकूड, तें सागाचें असलें तरी आंब्याच्या फळीसारखेंच लवकर कुजतें. माझ्या पहिल्या बाकाच्या फळ्यांत असा फिका पट्टा जागोजाग होता. वार्निशाखालीं तो झांकला गेला, आणि मी सागाच्या नांवावर निर्धास्त राहिलों.

तेव्हां पहिली गोष्ट लांकडाची निवड. मध पिवळ्या रंगापासून तपकिरीपर्यंत छटा असलेलें गाभ्याचें लांकूड घ्यावें, फिका पट्टा असलेली फळी परत करावी. जुन्या वाड्यांच्या पाडकामांतून मिळणारें सागवान या कामीं उत्तम; तें पुरतें वाळलेलें असतें. मात्र त्यांत मोडके खिळे दडलेले असतात. रंधा लावण्यापूर्वीं फळीवरून लोहचुंबक फिरवावा, म्हणजे रंध्याचें पातें वांचतें. कोंकणांतील मंडळींना फणसाचा गाभाही चालेल. परदेशांतून यंत्रसामग्री घेऊन येणाऱ्या खोक्यांचें पाइनचें लांकूड शहरांत स्वस्त मिळतें. तें मऊ असतें आणि पावसांत फार टिकत नाहीं. तेंच वापरावयाचें असल्यास त्यावरील शिक्का पाहावा. ‘एच्‌टी’ हीं अक्षरें असलीं, तर तें केवळ उष्णतेनें निर्जंतुक केलेलें असतें. ‘एम्‌बी’ अशीं असलीं, तर त्याला मेथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, आणि तें घरांत आणूं नये हें बरें.

दुसरी गोष्ट रचनेची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. बाकानें आपल्या स्वतःच्या चार पायांवर उभें राहावें. पेट्यांनीं त्याच्या शेजारीं उभें राहावें. दोघांमध्यें इंचभर अंतर असावें, आणि तें अंतर राखून दोघांना दोन दोन बोल्टांनीं जोडावें. शेजार असावा, पण भिंत एक नसावी. अशा रचनेंत पेटी उद्यां कुजली, तरी बसणारा माणूस खालीं येत नाहीं. बोल्ट काढून ती एक पेटी बदलतां येते. माझ्या पहिल्या बाकांत माणसाचा भार आणि झाडाची ओल एकाच फळीवर येत होती. हा दोष कितीही डांबर लाविलें तरी झांकतां आला नसता.

आतां प्रत्यक्ष मापें सांगतों. ज्यांना टिपून घ्यावयाचीं असतील त्यांनीं कागद जवळ घ्यावा. बैठकीची लांबी ४ फूट. पाय चार, प्रत्येक अडीच इंच चौरस आणि १६ इंच उंच. त्यांना जोडणाऱ्या दोन लांब आडव्या पट्ट्या ३ इंच रुंद व सव्वा इंच जाड. आणि तशाच तीन आंखूड पट्ट्या, दोन टोंकांना व एक मध्यावर. ही मधली पट्टी अनेकजण गाळतात. ती गाळूं नये. इंचभर जाडीची फळी चार फूट अंतरावर दोन माणसांचा भार घेऊन कालांतरानें मध्यें झोळते. बैठकीसाठीं अडीच इंच रुंद व एक इंच जाड अशा सहा पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांत पाव इंच फट. सहा अडीचे पंधरा, आणि पांच फटींचा सव्वा इंच, मिळून बैठकीची रुंदी सव्वासोळा इंच होते. उंची जमिनीपासून १७ इंच. मध्यम बांध्याच्या माणसाला ही सोयीची आहे.

बैठकीला एकच रुंद फळी कां नको, असें कोणाला वाटेल. श्रावणांत आपल्या घराचें दार चौकटींत घट्ट बसतें आणि वैशाखांत सैल पडतें, हा अनुभव सर्वांचा आहे. लांकूड ओलाव्यानें फुगतें आणि उन्हानें आकसतें. पण हें फुगणें व आकसणें त्याच्या रुंदींत होतें, लांबींत जवळजवळ नाहीं. रुंद फळी दोन्ही कडांनीं जखडून टाकली, तर उन्हाळ्यांत आकसण्यास तिला वाव उरत नाहीं, आणि ती उभी तडकते. अरुंद पट्टी आपल्यापुरती हलते आणि शेजारच्या पट्टीला त्रास देत नाहीं. शिवाय फटींतून पावसाचें पाणी खालीं जातें व वारा वर येतो. फट सारखी राहावी म्हणून दोन पट्ट्यांमध्यें एक शिसपेन्सिल ठेवून पट्टी बसवावी. पेन्सिलीची जाडी या कामास पुरेशी जवळची आहे.

पाय व आडव्या पट्ट्या यांचे सांधे खिळ्यांनीं न करतां कुसूं पाडून करावेत. एका तुकड्याच्या टोंकाला जीभ काढावयाची, तिला आपण कुसूं म्हणतों. दुसऱ्या तुकड्यांत तिच्या मापाचें भोंक पाडावयाचें, आणि कुसूं त्यांत बसवून आरपार एक लांकडी खुंटी ठोकावयाची. नवशिक्याला हें काम कठीण वाटतें, तथापि चार टाकाऊ तुकड्यांवर हात बसविल्यास पांचवा सांधा बरा येतो. सांधे बसल्यावर चौकट काटकोनांत आहे कीं नाहीं, हें गुण्यापेक्षां सुतळीनें अधिक चांगलें कळतें. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणावी, आणि तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांत ताणून पाहावी. समोरासमोरच्या बाजू समान असून दोन्ही कर्ण समान भरले, म्हणजे कोन बरोबर आहेत. वर्गांत हा सिद्धान्त मीं कितीदां सिद्ध केला असेल. परंतु त्याचा उपयोग माझ्या स्वतःच्या हातांना कळला तो साठीनंतर.

बैठकीच्या पट्ट्या स्टेनलेस पोलादाच्या किंवा पितळेच्या स्क्रूंनीं बसवाव्यात. साधा लोखंडी खिळा ओल्या लांकडांत गंजतो, भोंवतालचें लांकूड काळें पाडतो, आणि शेवटीं सैल होतो. पितळेचा स्क्रू मऊ असतो, जोर केल्यास त्याचें डोकें तुटतें. म्हणून आधीं भोंक पाडावें, त्यांत त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदां फिरवून काढावा, आणि मग मेण लावून पितळेचा बसवावा.

पायांच्या खालच्या टोंकांकडे विशेष लक्ष द्यावें. लांकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी आहे. या नळ्यांचीं तोंडें कापलेल्या टोंकाला उघडीं असतात, आणि समईंतील वात तेल ओढते तसें तें टोंक पाणी वर ओढतें. म्हणून पाय मातींत पुरूं नयेत, मातीवर टेकवूंही नयेत. प्रत्येक पायाखालीं शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा, आणि टोंकाला तेल पिईल तितकें पाजावें.

आतां पेट्या. प्रत्येक पेटी बाहेरून १८ इंच चौरस व १८ इंच उंच असावी. चार कोपऱ्यांना आंतून दीड इंच जाडीचे खांब, आणि त्यांवर पाऊण इंच जाडीच्या फळ्या. खांब फळ्यांच्या खालीं दोन इंच उतरूं द्यावेत, म्हणजे पेटी जमिनीपासून उचललेली राहते. तळ सलग नसावा. जमिनीपासून पांच इंचांवर चार पट्ट्यांची जाळी असावी. आणि माती या पेटींत भरूंच नये. पत्र्याचें काम करणाराकडून १३ इंच चौरस व १२ इंच खोल असा जस्ती पत्र्याचा डबा करून घ्यावा, अगर त्या मापाचें प्लॅस्टिकचें भांडें आणावें, त्याच्या तळाला बोट जाईल एवढालीं पांच-सहा भोंकें पाडावींत, आणि तो डबा या जाळीवर ठेवावा. झाड डब्यांत, डबा पेटींत, आणि डबा व पेटी यांच्यामध्यें चहूंकडून दीड इंचाहून अधिक मोकळी हवा. लांकडी पेटी ही झाडाचा नुसता अंगरखा झाली; तिला ना मातीचा भार, ना ओलीचा संसर्ग.

बाकाला व दोन पेट्यांना मिळून, छाट धरून, सुमारें ३ घनफूट लांकूड लागतें. वखारींत भाव घनफुटावर सांगतात, त्यावरून खर्चाचा अंदाज ज्याचा त्यानें करावा.

डब्याच्या तळाशीं खडीचा थर घालण्याची पद्धति आहे. पाण्याचा निचरा व्हावा हा तिचा हेतु असतो. पण तो साधत नाहीं. बारीक मातींतलें पाणी खालच्या मोठ्या खडींत सहजीं उतरत नाहीं. माती पुरती भिजून तुडुंब होईपर्यंत तें खडीच्या वरच थांबतें. परिणामीं मुळांना मिळणारी कोरडी जागा उलट कमी होते. त्याऐवजीं प्रत्येक भोंकावर खापराचा एक बांकदार तुकडा पालथा ठेवावा आणि सरळ माती भरावी. मातीचा एक भाग, कुजलेल्या शेणखताचा एक भाग, आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला बाजारांत कोकोपीट म्हणतात, त्याचा एक भाग, असें मिश्रण हलकें होतें व पाणी बेताचें धरतें.

हलकेपणाचा हा मुद्दा गच्चींत किंवा सज्जांत बाक ठेवूं इच्छिणारांनीं विसरूं नये. माझ्या जुन्या पेटींतील माती १४ इंच लांब, १४ इंच रुंद व १६ इंच खोल होती. गुणाकार केला तर ३१३६ घनइंच, म्हणजे ५१ लिटर. ओल्या मातीचा लिटर दीड किलो धरला, तरी एका पेटींत ७७ किलो, दोहोंत १५४. लांकडाचे ४५ आणि दोन माणसांचे १२० मिळविले, तर भार ३२० किलोंच्या घरांत जातो, आणि तो सारा सात फूट लांब व दीड फूट रुंद जागेवर पडतो. जुन्या इमारतीच्या पुढें काढलेल्या सज्जावर असा भार घालण्यापूर्वीं जाणत्या इंजिनीअरला विचारावें. डब्याची योजना व हलकें मिश्रण यांनीं मातीचा भार जवळजवळ निम्मा होतो, हा या रीतीचा आणखी एक फायदा.

लांकडाला बाहेरून काय लावावें? वार्निश लावूं नये, असें मी स्वानुभवानें सांगेन. वार्निशाचा पापुद्रा उन्हानें तडकतो, तडकलेल्या जागेंतून पाणी आंत जातें, आणि उरलेला पापुद्रा तें बाहेर येऊं देत नाहीं. त्यापेक्षां उकळलेलें अळशीचें तेल, ज्याला रंगाच्या दुकानांत बेलतेल म्हणतात, तें फडक्यानें चोळून लावावें आणि वर राहिलेलें पुसून घ्यावें. तें लांकडाला कोंडत नाहीं. वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, हा संस्कार करावा. न केला तरी गाभ्याचें सागवान कांहीं वर्षांत रुपेरी करडें होतें, एवढेंच. तो कुजण्याचा रंग नव्हे. परंतु एक धोक्याची सूचना. या तेलानें भिजलेलीं फडकीं गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेल वाळतांना उष्णता निर्माण होते, आणि चुरगळलेल्या फडक्यांत ती कोंडली गेली तर तीं आपोआप पेट घेतात. काम संपतांच फडकीं दोरीवर मोकळीं पसरावींत, अगर पाण्यांत बुडवून ठेवावींत.

बाक कोठें ठेवावा, याचाही विचार करावा लागतो. कारण झाडाला ऊन हवें असतें आणि माणसाला सांवली. घराच्या पूर्वेकडील भिंतीशीं तो ठेविला, तर सकाळचें ऊन झाडांना मिळतें, आणि दुपारनंतर घराची सांवली बसणाराला मिळते. भिंतीपासून चार बोटें अंतर ठेवावें, म्हणजे मागूनही वारा खेळतो. मोगऱ्याला ऊन अधिक लागतें, त्याची पेटी अधिक उघड्या बाजूस असावी. गवती चहा, पानओवा, कोरफड हीं या पेट्यांत चांगलीं येतात. बोगनवेलीसारखें कांटेरी झाड बसण्याच्या जागेजवळ लावूं नये. डब्याखालीं पाणी सांठविणारी ताटली ठेवूं नये. ठेवलीच, तर आठवड्यांतून एकदां ती रिकामी करून घांसून पुसावी. डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच स्वच्छ सांठलेल्या पाण्यांत अंडीं घालतो, आणि आपल्या हवेंत सात ते दहा दिवसांत अंड्यापासून पुरा डास तयार होतो.

शेवटची गोष्ट तपासणीची. वर्षांतून एकदां, गुढीपाडव्याच्या सुमारास, मी टोचा घेऊन बाकाभोंवतीं फिरतों. पायांचीं टोंकें, सांध्यांच्या खालच्या बाजू, आणि जेथें डोळा सहज पोंचत नाहीं त्या जागा टोच्यानें दाबून पाहतों. लांकूड कुजतें तें बहुधा आंतून आणि खालून. वरचा भाग शेवटपर्यंत आपल्याला फसवीत राहतो. टोचा मात्र फसत नाहीं. या कामाला दहा मिनिटेंही लागत नाहींत. त्या दिवाळीपूर्वीं मीं हीं दहा मिनिटें खर्च केलीं असतीं, तर अक्काचा हात मोडला नसता.

दुसरा बाक करून आतां चार पावसाळे झाले आहेत. गेल्या पाडव्यापर्यंत टोचा कोठें आंत गेलेला नाहीं. अक्काचें मनगट बरें झालें. मात्र थंडींत तें अजून ठणकतें, आणि ती बोलली नाहीं तरी दुसऱ्या हातानें तें दाबीत बसते, तें मला दिसतें. नवा बाक तयार झाला, त्या भाऊबीजेला मीं तिला मोठ्या आग्रहानें अंगणांत नेलें. तिनें बाकाभोंवतीं एक फेरी घातली, वांकून खालीं पाहिलें, पेटी आणि बैठक यांच्यामधल्या फटींतून बोट घालून पाहिलें, आणि म्हणाली, “चांगला झालाय. आधी तूं बस.”

मी बसलों. थोड्या वेळानें तीही बसली.